लिहून घेण्यासारखं वाक्य

जीपमधून सर उतरले आणि बिराप्पाने मुंडाशाचं टोक तोंडावर ओढून घेतलं.

सांगलीच्या कॉलेजातले ते मराठीचे सर. तीन वर्षांपूर्वी याच सरांनी बिराप्पाचा निबंध भर वर्गात वाचून दाखवला होता, धनगराचा पोरगा मराठीत पहिला आला म्हणून पाठ थोपटली होती. आज ते पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन आटपाडीकडच्या या माळावर दुष्काळ दाखवायला आले होते. आणि पहिला आलेला पोरगा खडीच्या ढिगावर बसून हातोडा हाणत होता. बी.ए. होऊन नोकरीचा पत्ता नव्हता. दुष्काळाने तर शिकलेला काय नि अडाणी काय, सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं होतं. लाजेने त्याचे कान तापले.

शेजारी त्याची बायको अंजना. नवरा बी.ए. आहे, हे तिने या दुष्काळी कामावरच्या एकूण एक परगावच्या बाईला ऐकवलं होतं. बायका पदराआड हसायच्या. "हसा गं," अंजना म्हणायची, "कवातरी कळंल."

सर ढिगांमधून वाट काढत आले आणि नेमके बिराप्पापुढे थांबले. धुळीने माखलेला, हाडं वर आलेला माणूस, ओळखणार कुठून?

"मुलांनो," सर म्हणाले, "साहित्य आपण पुस्तकात शिकतो, ही माणसं ते जगतात. यांना अक्षर येत नसेल, पण यांच्यापुढे आपणच अडाणी." मग वाकून त्यांनी विचारलं, "काय रे बाबा, दगड फोडताना मनात काय येतं?"

अंजनाचा चेहरा उजळला. "आवं सायेब, ह्येबी लय शिकल्यात. ह्ये..."

"गप गं!" बिराप्पा खेकसला. मग आवाज घोगरा करून म्हणाला, "कायबी बोलती सायेब. शाळंचं तोंड आमी कवा बगितलंय?"

बोलून तर गेला. सर अजून उत्तराची वाट बघत होते. खरं सांगायचं तर दगड फोडताना मनात काहीच येत नाही. कपची डोळ्यात जाऊ नये, एवढंच. पण हे सरांना आवडलं नसतं. आणि सरांना काय आवडतं, ते बिराप्पाइतकं कुणाला ठाऊक होतं?

"दगुड फोडून बगतोय सायेब," तो म्हणाला, "त्येच्या पोटात तरी पानी हाय का."

सरांचे डोळे भरून आले. "लिहून घ्या! असलं वाक्य कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत."

पोरांनी उभ्याउभ्या लिहून घेतलं. बिराप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असली वाक्यं त्याने पेपरात ढिगाने लिहिली होती, आणि याच सरांनी प्रत्येकाखाली लाल शाईने 'उत्तम' म्हणून शेरा मारला होता. उठावं आणि सांगावं, सर, हे तुमच्याच वर्गातलं आहे. पण तोंडावरचं फडकं बाजूला करायचा धीर काही झाला नाही.

जीप धुरळा उडवत निघून गेली.

पलीकडच्या ढिगावरून परगावच्या धोंडुबाईने हाळी दिली, "अंजे, नवऱ्यानं शाळंचं तोंडबी बगितलं न्हाई म्हनं! मंग बीए बीए करत इतकं दीस आमाला थापाच मारत हुतीस व्हय?"

आसपासचे हातोडे थांबले. बिराप्पाने अंजनाकडे बघितलं नाही, त्याला बघवेना. त्याने एक शब्द बोलायचा अवकाश होता. त्याने मुंडाशाचं टोक आणखी खाली ओढलं.

अंजनाने पुढचा दगड ओढून नीट बसवला.

"व्हय गं," ती म्हणाली, "थापाच मारत हुते."