भाऊंचं नाक

बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात टाकी धुवायला माणूस उतरण्याआधी चंद्रभानभाऊ टाकीच्या तोंडाशी वाकून विषारी वायूचा वास येतो का ते बघत. ते ‘हो’ म्हणाले, की मगच माणूस आत जाई. “मशीन कशाला? भाऊंचं नाक आहे ना!” शेठ म्हणत. तीस वर्षांत एकही अपघात झाला नाही, म्हणून शेठने भाऊंना आणि त्यांच्या पाळीतल्या चौघांना मुंबईच्या फ्रेंच हॉटेलात जेवायला नेलं.

तिथे प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाईन येत होती. वाढणारा सांगे, आधी वास घ्या. कुणाला जांभूळ आठवलं, कुणाला करवंद; भाऊंना काहीच नाही. आपल्याला यातलं काय कळतंय, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग चीजची ताटली आली आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. भाऊंनी एक तुकडा अगदी नाकाशी धरला. काहीच नाही.

शेजारी बसलेला सुजित हळूच म्हणाला, “भाऊ, उद्या माझा पोरगा पयल्यांदा टाकीत उतरतोय. तुमी हाय म्हणून घोर नाय.”

भाऊ ताडकन उठले. “शेठ, मला वासच येत नाही. कधीपासून, तेही ठाऊक नाही. उद्या कुणाला उतरवू नका.”



“चढली रे भाऊंना!” शेठ म्हणाले, आणि सगळं टेबल हसलं, सर्वांत मोठ्याने सुजित.