उरलेल्या गोळ्या

"टाके सुकले तरी गोळ्या मधेच सोडू नका," बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी सोडल्या. पिशोरच्या शेतात सासऱ्यांच्या पायाला विळा लागला, तेव्हा उरलेल्या त्यांनी परस्पर घेतल्या. बघता बघता पायाचं मांस सडलं. शहरात आणून ते कापावं लागलं.

डॉक्टरांनी त्यांच्या जखमेतले जंतू काचेच्या बशीत वाढवले होते आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या. मी वाकून बघितलं. माझ्या गोळीच्या औषधाची चकती जंतूंनी पार वेढलेली. एकाच चकतीभोवती जागा कोरी.

"म्हणजे हेच औषध लागू पडणार?"

"हो," म्हणून डॉक्टर सासऱ्यांकडे वळले. "काकासाहेब, सगळ्या गोळ्या खाल्ल्या होत्या?"

"समद्या कुठं? निम्म्या शेजारच्या वावरातल्या सांडूला देल्या. त्याच्याबी पायाला विळा लागला व्हता."

पिशोरकडं जात असाल, तर सांडूभाऊंना पायजमा वर करायला लावा. फोनवर ते "लई बरंय" एवढंच म्हणतात.