नावेत माणसं किती

“नावेत माणसं किती?”

“दोन.”

टेसानं कागदावरून नजर वर केली. नावेत हार्लन प्रुइट एकटाच उभा होता. मागच्या कठड्याला गळाच्या दोन काठ्या, बाकावर झाकणाचे दोन मग आणि घडी घातलेलं एक पांघरूण. बाकी कुणी दिसत नव्हतं.

“गळ किती तास टाकला होता?”

“पाच.”

“मिळालं काय?”

“एक ट्राउट. त्यालाही माझी दया आली असेल.”

त्यानं मासा धक्क्यावर ठेवला. टेसानं लांबी मोजली, पाठीवरचा छोटा पर कापलेला आहे का पाहिलं. होता, म्हणजे सरकारी टाकीत वाढवून सरोवरात सोडलेला. तिनं खूण केली आणि माणसांच्या चौकटीत ‘२’ लिहिलं. मत्स्यखात्यासाठी ती धक्क्यावर नोंदी घ्यायची, आणि खात्याचा नियमच होता, मासेमार सांगेल ते लिहायचं.

हार्लननं इंजिन अगदी हळू चालू केलं. नाव नदीच्या मुखातून वर, त्याच्या घरच्या धक्क्याकडे निघाली. नदीकाठी शेवटचं घर त्याचं.

टेसा मे महिन्यात ऑन्टॅरिओ सरोवराच्या या काठावर राहायला आली होती. नवरा, डीन, मालवाहू जहाजावर. सहा-सहा आठवडे घरी नाही. दोन वर्षांची पॉपी दिवसभर शेजारणीकडे. टेसा दर अर्ध्या तासानं फोन बघायची. पॉपी पडली असेल, पॉपीनं काही गिळलं असेल. संध्याकाळी बोलायला पॉपीच, आणि पॉपीला शब्द येत होते बारा.

“तो रोज दोन का म्हणतो गं?” तिनं मर्नाला विचारलं. मर्नाचं गळाच्या सामानाचं दुकान धक्क्यावरच होतं.

मर्ना गांडुळांचे डबे फ्रिजमध्ये रचत होती. “नोरीन. त्याची बायको. कायम जोडीनं जायची दोघं. तिच्या गळाला सॅल्मन आणि ह्याच्या गळाला शेवाळ. अख्खा धक्का हसायचा त्याला.”

“आणि आता?”

“आता कुठली नोरीन? ती गेली दोन वर्षांपूर्वीच, त्याला एकट्याला टाकून. माझ्यानं तर बघवत नाही. मी विचारायचंच सोडलंय.” तेवढ्यात कुणीतरी बास माशांचे गळ मागायला आलं आणि बोलणं तिथंच राहिलं.

त्यानंतर टेसा त्याच्याकडे जास्तच लक्ष द्यायला लागली. नाव आत येताना तो बंद केबिनकडे तोंड करून काहीतरी बोलत असायचा. कधी हसायचासुद्धा. केबिनच्या दाराला बाहेरून आकडा होता. टेसाच्या घरी जिन्याच्या दाराला असाच होता, पॉपी चालायला लागल्यापासूनचा. दुपारी तो सँडविचचे अगदी लहान तुकडे करायचा आणि नाव धक्क्यापासून लांब नेऊन खायचा.

तिला त्याची दया यायची, आणि भीतीही वाटायची. डीन गेला की तीही सकाळी दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची. त्याच्या तोंडून एकदा ‘एक’ ऐकायचं, एवढंच तिला त्या उन्हाळ्यात हवं होतं. तो म्हणू शकला, तर माणूस यातून बाहेर पडतो हे तरी कळलं असतं.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी तिनं धीर केला.

“मिस्टर प्रुइट, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“विचार पोरी. विचारण्याचाच तर पगार आहे तुझा.”

“तुम्ही नोरीनना अजून रोज बरोबर नेता.”

“मर्नानं सांगितलं वाटतं.”

“हो.”

“कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कळलं की लोक सल्ले द्यायला येतात.”

“मी सल्ला नाही देत,” टेसा म्हणाली, आणि दिलाच. “बाबा गेल्यावर माझी आई वर्षभर टेबलावर त्यांचं ताट मांडायची. ते थांबवलं तेव्हा कुठं तिला झोप लागायला लागली. जाऊ द्या त्यांना. तुम्ही असं धरून ठेवलंत तर त्यांचेही हालच.”

“तिचे हाल होतायत, असं वाटतं तुला?”

“तुम्हाला नाही वाटत?”

हार्लननं दोरी हातावर गुंडाळली, पुन्हा सोडली. “सोमवारी मुलगी येतेय ओहायोहून. तीही म्हणते, बाबा, आता सोडा. पण तिला हवं तसं सोडायचं.”

“तुम्हाला हवं तसं सोडा मग.”

त्यानं मान हलवली. खूप दिवसांनी कुणीतरी आपल्या बाजूनं बोललं, असा त्याचा चेहरा झाला होता.

सोमवारी तो नेहमीपेक्षा लवकर परत आला. सरोवर ताटासारखं सपाट होतं. त्याच्या शर्टाच्या बाह्या खांद्यापर्यंत ओल्या होत्या.

“मिळालं काय?”

“गळ टाकलाच नाही आज.”

“मग इतका वेळ?”

“बसलो होतो. गप्पा मारल्या. मग तू म्हणालीस तसं केलं पोरी. जाऊ दिलं.”

तिनं वाकून त्याचा हात धरला. बर्फासारखा गार होता. मग कागद सरळ केला, कारण विचारायलाच हवं होतं.

“नावेत माणसं किती?”

त्यानं केबिनच्या दाराकडे पाहिलं. तिनं घाई केली नाही.

“एक.”

तिनं तो आकडा नीट, ठळक लिहिला. नाव नदीतून वर दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत राहिली. मग तिनं शेजारणीला फोन लावला. पॉपी ठीक आहे का, हे विचारायला नाही. नुसता पॉपीचा आवाज ऐकायला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

फोन ठेवते तोवर एक बाई धक्क्यावर जवळजवळ पळतच आली. हातात गाडीची किल्ली, डोळे लांब पाण्यावर.

“मी अ‍ॅडेल, हार्लन प्रुइटांची मुलगी. आईला न्यायला आलेय. तिला आता कुणाची ओळख राहिली नाही, बाबांना एकट्याला झेपत नाही. घराला कुलूप आहे. शेजारी म्हणाले, रोजच्यासारखं सकाळी तिला हाताला धरून नावेच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं त्यांनी.” तिनं दम घेतला. “आले का परत दोघं?”