उशाशी साप

वडील गेल्यावर आजोबांपासून चालत आलेली बंदूक मुलाने साफ करायला घेतली. वडिलांनी शिकवलं होतं तसं नळीचं तोंड भिंतीकडे केलं, बोट चापापासून लांब ठेवलं आणि नळीखालचा सरकता पंप मागे ओढला. टणकन काडतूस फरशीवर पडलं. तो चरकला. शिकारीहून परतताना वडील उंबऱ्याबाहेरच बंदूक रिकामी करायचे. भरलेली बंदूक घरात म्हणजे उशाशी साप, असं म्हणायचे.

“आई, ही भरलेली होती. कधीपासून?”

वडिलांच्या उशीचा अभ्रा काढता काढता आई म्हणाली, “तू तुरुंगातून सुटून आलास ना, त्या दिवसापासून.”

त्या दिवशी वडिलांनी त्याला दारातच पोटाशी धरलं होतं. म्हणाले होते, “झालं गेलं गंगेला मिळालं.”