सात बंद घड्याळे

११ फेब्रुवारी २०१९, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. समुद्राच्या तळावर जवळजवळ वर्षभर ठेवलेली आठही भूकंपमापक यंत्रे सुखरूप वर आली होती. मात्र त्यांतील सात यंत्रांची घड्याळे बंद पडलेली होती.

भूभौतिकशास्त्रज्ञ बाईंनी हे दोन्ही आकडे दारातच सांगून टाकले. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या यंत्रज्ञांनी ते शांतपणे ऐकले आणि बाईंना आत बोलावले. कार्यशाळेत त्यांना सगळे सेकंदकाका म्हणत.

"आणि नोंदी?" काकांनी विचारले.

"नोंदी आहेत. धक्का न धक्का उतरलाय. पण नेमका कधी बसला, ते कळायला मार्ग नाही. जहाज तीन आठवडे उशिरा निघालं, तोवर बॅटऱ्यांनी मान टाकली. वर आल्याबरोबर घड्याळ किती मागे पडलंय ते मोजायचं असतं. बंद घड्याळाचं काय मोजणार?"

काकांनी मान हलवली. एका सेकंदाची चूक म्हणजे धक्क्याच्या जागेत सहा-सात किलोमीटरची चूक, हे त्यांना समजावण्याची गरज नव्हती. सागरतळावरची भेग किनाऱ्याकडे वळते की खोल समुद्राकडे, या एका प्रश्नामागे बाईंची नऊ वर्षे गेली होती. आणि जहाज पुन्हा मिळायला आणखी पाच वर्षे लागणार होती.

"तुम्ही तेव्हा घड्याळं घरी आणली होतीत," बाई म्हणाल्या. "ती वही आहे का अजून?"

"तुम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं होतंत."

"नेलं होतं. 'वर आल्यावर मोजूच की,' असंही म्हणाले होते."

काकांनी कपाटातून वही काढली. यंत्रे समुद्रात सोडण्याआधी प्रयोगशाळेतला शीतकक्ष दुरुस्तीला गेला होता. म्हणून काकांनी रीतसर परवानगी काढून आठही घड्याळे, एका वेळी चार याप्रमाणे, पंधरा-पंधरा दिवस स्वतःच्या स्वयंपाकघरातील फ्रीजमध्ये ठेवली होती. आत सागरतळाइतकेच, अडीच अंश तापमान. दाराच्या रबरातून बाहेर काढलेल्या तारा. आणि खिडकीत उपग्रहाकडून अचूक वेळ घेणारे यंत्र. रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता प्रत्येक घड्याळ किती मागे पडले, ते वहीत उतरले होते.

"महिनाभर त्या फ्रीजवर माझा हक्क नव्हता," काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. "दूध दिवसातून तीनदा तापवायचं, भाजी रोजच्या रोज आणायची. कशासाठी, तर घड्याळांना थंडी वाजायला हवी. माहेरी सांगायची सोय नव्हती हो."

बाई हसल्या, पण त्यांचे बोट वहीवरून हलले नाही. पहिल्या चार दिवसांचे आकडे वेडेवाकडे होते. पाचव्या दिवसापासून ते एका रांगेत आले होते.

"इथे काय झालं होतं?"

"दार," काका म्हणाले. "उघडलं की आत गरम हवा शिरायची आणि घड्याळं बिथरायची. मी हिला तसं बोललो. त्यानंतर हिनं दाराला हात लावला नाही. मीच एकदा विसरून उघडलं. ती नोंद खोडलीय बघा."

"तीनदा," काकू म्हणाल्या.

"तीनदा," काकांनी दुरुस्ती केली.

बाईंनी वही त्यांच्याकडे सरकवली. "आठांपैकी तीन नंबरचं घड्याळ तेवढं चालू राहिलं. त्याचा खरा फरक आम्ही जहाजावर मोजलाय. तुमच्या वहीतून तोच आकडा निघाला, तर बाकीच्या सातांसाठीही वहीवर भिस्त ठेवता येईल. नाही निघाला, तर वर्ष पाण्यात. तो फरक..."

"सांगू नका," काकांनी हात वर केला. "उत्तर आधी कळलं की हात आपोआप तिकडेच वळतो. कागदावर लिहा आणि घडी घालून हिच्याकडे द्या."

बाईंनी लिहिले. काकू घडी मुठीत धरून बसल्या.

काकांनी पहिले चार दिवस सोडले, खोडलेल्या नोंदी वगळल्या आणि सरासरी काढली. रोज ३.८ सहस्रांश सेकंद. तिला ३५० दिवसांनी गुणले. मग शेवटच्या नोंदीपासून सुरुवात करून सगळा हिशेब पुन्हा केला. चहावर साय धरली. तो कोणी उचलला नाही.

"एक पूर्णांक तेहतीस शतांश सेकंद," ते म्हणाले.

काकूंनी घडी उलगडली आणि कागद डोळ्यांपासून लांब धरला. "एक पूर्णांक पस्तीस." मग दोघांकडे आळीपाळीने पाहत त्यांनी विचारले, "चुकलं का हो?"

 बाई उठल्या आणि काकूंशेजारी जाऊन बसल्या.

"नाही काकू. एवढी अपेक्षा तर मीही धरली नव्हती." मग त्या म्हणाल्या, "आमच्या निबंधात शेवटी आभार मानतात. काकांचं नाव तर येईलच. तुमचं कसं लिहू?"

"माझं कशाला? मी कुठे काय केलं?"

"तेच लिहा," काका वहीत नजर ठेवून म्हणाले. "पहिले चार दिवस सोडून सव्वीस दिवस हिनं दार उघडलं नाही."

बाईंनी तसेच लिहिले.

नकाशा जूनमध्ये पूर्ण झाला. भेग खोल समुद्राकडे वळत होती. जागा निश्चित झालेले धक्के : २,११४.