जावई नसलेला फोटो

हरिप्रिया टोपलीत बसून मांडवात आली. तिच्या दोन मामांनी वेताची मोठी टोपली उचलून तिला अंतरपाटाच्या अलीकडे आणून बसवलं, आणि अफ्रीन कॅमेरा डोळ्याला लावूनही खुदकन हसली. वऱ्हाडातल्या या मालेगावात तिनं पुष्कळ लग्नांचे फोटो काढले होते, पण टोपलीतून आलेली नवरी पहिल्यांदाच बघितली. हे लग्नच तिच्यासाठी नवं होतं. फोटो काढता काढता ती मधेच नुसती बघत राहायची.

मामिडवारांचं मालेगावात किराणा दुकान. घरात तेलुगू, गल्ल्यावर वऱ्हाडी. नवरीच्या वडिलांनी, म्हणजे तिच्या नान्नांनी, अफ्रीनला सकाळीच बजावून ठेवलं होतं की आमच्यात खरा मुहूर्त मंगळसूत्राचा नाही, जिरं-गुळाचा. अंतरपाट धरलेला असतानाच नवरा-नवरी वरून हात नेऊन एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ दाबतात. मग अंतरपाट काढतात आणि दोघं एकमेकांना बघतात. तो फोटो त्यांना हवा होता, बाजूनं काढलेला. दोघांचे हात, दोघांचे चेहरे, मधे कापड. दुकानात गल्ल्यामागे लावायला. तो चुकला तर बाकीचा अल्बम घेऊन काय करू, असंही ते म्हणाले होते.

मामिडवारकाकांनी हौसेत काही कमी ठेवलं नव्हतं. वर ड्रोन घिरट्या घालत होता. नवरदेव आला तेव्हा रंगीत धूर सोडून झाला होता. मागच्या पाहुण्यांना दिसावं म्हणून स्टेजच्या कडेला भिंतीएवढा स्क्रीन लावला होता. अफ्रीनचा भाऊ तौसीफ नवरदेवाजवळ गुडघ्यावर बसून व्हिडिओ घेत होता, आणि तो जे घेईल ते स्क्रीनवर दिसत होतं.

अफ्रीननं अंतरपाटाच्या कडेला आपली जागा धरली. फ्रेम झकास जमली होती. सहज म्हणून तिनं नवरीच्या नजरेच्या रेषेत पाहिलं आणि कॅमेरा खाली घेतला. नवरदेवाच्या मागे, अंतरपाटाच्या वर, नवरीच्या अगदी समोर तो स्क्रीन होता. त्यावर नवरदेवाचा चेहरा हा एवढा मोठा. हरिप्रिया मान खाली घालून बसली होती म्हणून बरं.

सकाळी मेकअप चालू असताना हरिप्रियानं तिला सांगितलं होतं. नवरदेव कॅनडात नोकरीला. पसंती, साखरपुडा, सगळं मोबाईलवर उरकलं. सुट्टी मिळाली ती थेट लग्नापुरती, आणि इथं पोचल्यावर त्याचा व्हिडिओ कॉल आला तर हिनं उचललाच नाही.

"मी त्याले आजवर काचीतूनच पाह्यलं," ती म्हणाली होती. "आज डोयानं पाहीन."

भटजींनी नवरीला मान वर करायला सांगितलं. अफ्रीननं तौसीफला हाक मारली, पण मुहूर्ताची वाद्यं एकदम जोरात सुरू झाली होती. त्याला वाटलं, ताई शाबासकी देते आहे. त्यानं अंगठा दाखवला आणि नवरदेव आणखी जवळून घेतला.

जागा सोडली तर काकांचा फोटो जाणार, हे अफ्रीनला चांगलं कळत होतं. तरी ती उठली. मागून वाकून, लोकांच्या पायांतून वाट काढत ती तौसीफपाशी गेली आणि ओढणीचा पदर त्याच्या लेन्सवर टाकून घट्ट धरला. स्क्रीनभर हिरवा रंग पसरला.

"ओढणी पाहाले बोलावलं काय आमाले?" मागून कोणीतरी ओरडलं.

हरिप्रियानं मान वर केली तेव्हा समोर नुसतं हिरवं होतं. अंतरपाटावरून एक हात आला आणि तिच्या डोक्यावर जिरं-गूळ दाबून तसाच राहिला. मग अंतरपाट निघाला. अफ्रीननं एका हातानं ओढणी धरून दुसऱ्या हातानं कॅमेरा उचलला आणि जमेल तसा दाबला.

जेवणं चालू झाल्यावर काका फोटो बघायला आले. अफ्रीननं आधीच सांगून टाकलं की तुमचा तो फोटो निघाला नाही, मी जागा सोडली. का सोडली ते मात्र तिनं सांगितलं नाही. काकांचा चेहरा उतरला. कॅमेऱ्यात जो होता तो त्यांनी मोठा करून, वरखाली सरकवून बघितला. हरिप्रियाचे डोळे ताणलेले, तोंड अर्धवट उघडं, केसांतून कपाळावर गुळाचा ओघळ. एका कडेला कोणाचा तरी खांदा आणि हात.

"याच्यात जावाई कुठं हाये?"

अफ्रीननं फोटोतल्या त्या हातावर बोट ठेवलं. तिला खरंच वाईट वाटत होतं.

तेवढ्यात हरिप्रिया आली. तिनं कॅमेरा घेतला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, दुकानात हाच लावायचा.

"अवं पण याच्यात पोट्टाच नाई," काका म्हणाले. "गिऱ्हाईक इचारतीन ना, पोरगी एवढं काय पाहून राह्यली?"

हरिप्रियानं कपाळावरचा गूळ बोटानं पुसला आणि बोट तोंडात घातलं.

"इचारू द्या, नान्ना."