उरलेलं गाणं

रॉक बँडचा सत्तरी उलटलेला गिटारवाला स्टुलावर बसून वाजवत होता. गाणं तेच, वीस मिनिटांचं. विद्याधर आणि त्याच्या दादाने भरून घेतलेल्या कॅसेटमध्ये ते कधी पुरं मावलंच नव्हतं. ऐन रंगात आलं की टेप खट्कन थांबायचा. पुढे मोबाइलवर सगळं मिळू लागलं, तरी दादाचा हट्ट कायम, "शेवट ऐकायचा तो या बँडसमोर बसून. दोघांनी." आणि बँड इथे यायच्या आत दादाच गेला.

टेप थांबायचा ती जागा आली. गाणं मात्र थांबेना. विद्याधर ताडकन उठला.

"काका, कुठे निघालात?" दादाचाच ढगळ टीशर्ट घातलेल्या त्याच्या लेकीने हात धरला. "अजून संपलं नाहीये!"

"तुझ्या बाबाने इथपर्यंतच ऐकलंय गं," तो म्हणाला आणि दोन्ही कान गच्च दाबून दाराकडे धावला.